ओरडले ते माझ्यावर, की माझ्या परकेपणावर?

पत्राचा सारांश: लेखिका छत्तिशीतल्या आहेत. नोकरीनिमित्त दीड वर्षापासून परदेशात राहतात. देशाचं नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. तिथली भाषा त्यांना काम भागण्यापुरती येते, भरभर बोललेलं समजत नाही. एकटीनं सायकल चालवायची सवय जुनी आहे, पन्नास-साठ किलोमीटर सहज होतात. ओळखी व्हाव्यात म्हणून त्या तिथल्या एका सायकल क्लबच्या रविवारच्या ग्रुप राइडला जाऊ लागल्या. तिसऱ्या रविवारी एका चढाच्या सुरुवातीलाच मागून कुणीतरी त्यांच्यावर जोरात ओरडलं. पुढे त्या मागे पडल्या, कुणी थांबलं नाही. कॉफीच्या थांब्यावर दहा मिनिटं उशिरा पोचल्या, तर सगळे आपापसात हसत-बोलत होते. यांना कुणी काही विचारलंही नाही. तेव्हापासून तीन रविवार त्या गेलेल्या नाहीत. "हे मी बाहेरची आहे म्हणूनच ना? आता वर्षभर तयारी करून, वेग वाढवूनच परत जावं, की आपल्या लोकांचा ग्रुप शोधावा, की पुन्हा एकटीनंच चालवावी?" असं त्या विचारतात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं त्यांना कार्बनची हलकी सायकल घ्यायचा सल्ला दिलाय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना राग आला, तुमच्या बाजूनं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी अडखळले. तुम्ही लिहिलंय, "चढ आला म्हणून मी नुसती सीटवरून उठले, बाकी काहीच केलं नव्हतं." मला वाटतं, अर्धं उत्तर तिथेच आहे.

बसून पॅडल मारणारा माणूस एकदम उभा राहतो, तेव्हा त्याचं अंग पुढे जातं आणि सायकल क्षणभर मागे ढकलली जाते. फार नाही, वीतभर. चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही, कारण त्याच्या लेखी तो पुढेच चाललेला असतो. जाणवतं ते मागच्याला. त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकापासून हातभर लांब असतं, आणि ते हातभर अंतर एका क्षणात निम्म्यावर येतं. चाकाला चाक घासलं तर पुढचा बहुतेक वेळा सावरतो. पडतो तो मागचा, कारण ज्या चाकावर तोल सांभाळायचा तेच अडकलेलं असतं. मग त्याच्या मागचे त्याच्यावर.

वर्षानुवर्षं एकटीनं सायकल चालवणारीला हे ठाऊक असायचं कारणच नाही. तुमच्या मागे कधी कुणी नव्हतंच. जमवायचं कसं, तर उठायच्या आधी एक गिअर जड करा. मग एक पाय वरून खाली येत असताना, त्या पॅडलवर जोर देत देतच उठा. जोर तुटला नाही तर सायकल मागे येत नाही. रिकाम्या रस्त्यावर दहा-बारा वेळा करून बघा, हाताला आणि मांडीला सवय होते.

म्हणजे तो शहाणा आणि तुम्ही चुकलात, असं मी म्हणत नाहीये. तुमच्या पत्रात ओरडण्याबद्दल आठ ओळी आहेत, पण तो माणूस काय ओरडला हे कुठेच नाही. कारण तुम्हाला शब्द ऐकूच आला नाही, ऐकू आला तो आवाज. कळणाऱ्या भाषेत कुणी "अरे सांभाळ!" म्हणून ओरडलं तर आपण दचकतो, सांभाळतो आणि विसरतो. शब्द नसलेला आवाज मात्र मनात राहतो, आणि मन त्याला आपल्याकडचा अर्थ देतं. परक्या देशात मनाकडे एक अर्थ कायम तयार असतो: मी इथली नाही.

तुम्ही सध्या दोन प्रकारे परक्या आहात. देशात नव्या आहात आणि घोळक्यातही नव्या आहात. दोन्ही एकाच रविवारी, एकाच रस्त्यावर भेटल्यामुळे त्यांची गाठ बसली आहे. ती आधी सोडवू या. घोळक्यातलं नवखेपण तीन-चार महिन्यांत जाईल. देशातलं जायला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढत बसलात तर दोन्ही जाणार नाहीत.

घोळक्याची भाषा ही त्या देशाची भाषा नव्हे. तिच्यात फार तर दहा-बारा शब्द आणि पाच-सहा खुणा असतात: खड्डा, गाडी मागून, गाडी समोरून, खांब, थांबतोय, वेग कमी, एका रांगेत या. नेदरलँड्समध्ये आणि बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात समोरून कुणी आलं की नुसतं "टेखन!" असं ओरडतात. शब्दाचा अर्थ एवढाच की, उलट दिशेनं. एरवी पुरं वाक्य बोलायला वेळ असतो, तिथे नसतो. ताशी तीस किलोमीटरनं जाताना सेकंदाला आठ मीटरहून जास्त रस्ता मागे पडतो, "माफ करा, आपण जरा डावीकडे सरकता का" एवढं म्हणेपर्यंत खड्डा येऊन गेलेला असतो. म्हणून सगळे ओरडतात, आणि सगळ्यांवर ओरडतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचाही गोंधळ होतोच. ब्रिटनमध्ये काही क्लबांत "कार अप" म्हणजे गाडी मागून येतेय, तर काही क्लबांत समोरून. क्लब बदलला की तिथल्या तिथल्या माणसालाही शब्द नव्यानं शिकावा लागतो.

तेव्हा पहिलं काम. पुढच्या राइडच्या आधी लीडरला निरोप पाठवा: "तुमच्या राइडमध्ये कोणते शब्द ओरडतात? मला लिहून पाठवाल का?" भाषांतराचं ॲप वापरा, व्याकरणाची लाज बाळगू नका. शब्द आले की पांढऱ्या चिकटपट्टीवर देवनागरीत लिहा आणि हँडलजवळच्या दांडीवर चिकटवा. मी स्वतः हे केलंय. पहिल्या पावसात शाई पसरली, पण तोवर पट्टीची गरज उरली नव्हती. आणि शब्द नुसते ऐकायचे नाहीत, मागच्यासाठी स्वतःही ओरडायचे. तुमच्या तोंडून पहिल्यांदा "खड्डा" निघेल, अगदी वाईट उच्चारात, त्या क्षणी तुम्ही मागच्या माणसाची काळजी घेतलेली असेल. सायकलवाल्यांच्या घोळक्यात ओळख होते ती बरीचशी अशी.

शब्दांइतकेच फसवे असतात ते न बोललेले नियम. वाहनं डाव्या बाजूनं चालणाऱ्या देशातून उजव्या बाजूच्या देशात गेलेल्यांनी एक गोष्ट आजच तपासावी: ब्रेक. ब्रिटन, भारत यांसारख्या देशांत पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत सहसा डाव्या. सवयीच्या हातानं घाबरून ब्रेक दाबावा आणि भलतंच चाक थांबावं, हे घोळक्याच्या मधोमध नको. दुकानदाराकडून अदलाबदल करून घ्या, नाहीतर आठवडाभर एकटीनं हात मुरवा. दुसरी गोष्ट चौकाची. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम इथे पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. पुढचा माणूस रिकाम्या वाटणाऱ्या गल्लीपाशी हळू का झाला, हे माहीत नसेल तर तुम्ही त्याच्या चाकावर जाल.

कधीकधी नियम उलट्या बाजूनंही चकवतात. जर्मनीत पंधराहून जास्त सायकलस्वार एकत्र असतील तर त्यांना एकसंध तांडा म्हणून चालता येतं. दोघं-दोघं शेजारी, आणि पहिला हिरव्या दिव्यावर गेला की मधेच लाल झाला तरी बाकीचे त्याच्या मागून जाऊ शकतात. हे माहीत नसलेली पाहुणी नियम पाळावा म्हणून लाल दिव्यावर शिस्तीत थांबते, आणि मागच्या दहा जणांची तारांबळ उडते. मग पुन्हा ओरडणं आलं! ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये 2022 पासून दोघांनी शेजारी चालवायला स्पष्ट मोकळीक आहे. फ्रान्समध्येही दिवसा चालतं, पण अंधार पडल्यावर किंवा मागची गाडी पुढे जाऊ पाहत असेल तर एका रांगेत यावं लागतं. तुम्ही ज्या देशात आहात तिथला नियम एका संध्याकाळी बसून वाचून काढा. परदेशी माणसाच्या दृष्टीनं याला आणखी एक महत्त्व आहे: अपघात झाला तर "मला माहीत नव्हतं" हे कुठेच चालत नाही.

आता चढावर मागे पडण्याबद्दल. इथे मी तुमच्या बाजूची आहे, पण थोडी थांबून.

सपाटीवर ताशी तीसच्या आसपास आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या आडोशाला राहिलं की पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून एकटीनं ज्या वेगाला दम लागतो, तोच वेग घोळक्यात हसतखेळत निभतो. पण चढावर वेग उतरतो आणि आडोसाही जातो. तिथे ज्याचं वजन त्याचं त्याला, म्हणून प्रत्येक घोळका चढावर तुटतो. त्यात अपमान काही नाही. प्रश्न आहे तो माथ्यावर काय होतं याचा. बऱ्याच क्लबांत माथ्यावर थांबून शेवटचा माणूस येईपर्यंत वाट पाहतात, काही ठिकाणी एक अनुभवी माणूस मुद्दाम सगळ्यात मागे राहतो. काही राइड मात्र उघडउघड जोराच्या असतात: टिकलात तर टिकलात. कोणती कुठल्या जातीची, हे सूचनेत लिहिलेलं असतं; भाषा कच्ची असेल तर नेमकी तीच ओळ सुटते. वेळ, ठिकाण, किलोमीटर आपण वाचतो आणि खालचं बारीक सोडून देतो. ती सूचना पुन्हा काढा. "कुणाला मागे सोडत नाही" अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल आणि तरी तुम्हाला न सांगता सोडून गेले असतील, तर चूक त्यांची. ती लीडरला सांगा, तक्रारीच्या सुरात नको, पण सांगा. लिहिलेलं नसेल, तर तुम्ही चुकीच्या गाडीत बसला होतात. त्याच क्लबची हळू राइड कधी असते ते विचारा.

वर्षभर तयारी करून, वेग वाढवून परत जायचा बेत मला सगळ्यात कमी पटला. घोळक्याला वेगवान माणूस लागत नाही, अंदाज करता येईल असा माणूस लागतो. नाकासमोर चालवणारा, उगाच ब्रेक न दाबणारा, पुढे आल्यावर तोच वेग धरून ठेवणारा. एका परक्या गावात मी पहिल्यांदा घोळक्याच्या तोंडाशी आले, तेव्हा आपण काही लेचेपेचे नाही हे दाखवायला ताशी तीन-चार किलोमीटर वेग वाढवला होता. मागे वळून पाहिलं तर घोळका बराच मागे, आणि मी एकटीच वाऱ्याला तोंड देत शूरवीरासारखी. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेजारी येऊन तळहात खाली दाबल्यासारखी खूण केली. शब्द एकही नाही. आजही पुढे आले की मला तो तळहात दिसतो. ही शिस्त एकटीनं वर्षभर तयारी करून येत नाही, घोळक्यातच येते. कार्बनच्या सायकलनं तर येतच नाही; ते पैसे राहू द्या. फार तर पावसाळी देशात असाल तर चांगले लांब मडगार्ड लावा. मागच्याच्या तोंडावर चिखल उडत नाही, आणि काही क्लबांत हिवाळ्यात ते सक्तीचेच असतात.

कॉफीच्या टेबलाबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंय आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त ते लागलंय. सहा-सात जण एकमेकांना तोडत बोलताहेत, मधेच विनोद होतो, सगळे हसतात, आपण अर्धा सेकंद उशिरा हसतो. दुसऱ्या भाषेत यापेक्षा अवघड जागा नाही. तिथे जमलं नाही म्हणून माणसं वाईट ठरवू नका आणि स्वतःलाही नको. याउलट सायकलवर, सपाट रस्त्यावर, दोघं शेजारी चालवत असताना भाषा फार सोपी होते. एका वेळी एकच माणूस, वाक्यं दमामुळे आपोआप लहान, डोळ्याला डोळा भिडवायची गरज नाही, आणि शांतता पसरली तरी ती रस्त्याची असते. दहा मिनिटांनी रांग फिरते आणि शेजारी दुसरा येतो, त्याला तेच तीन प्रश्न पुन्हा विचारता येतात! माझी एक परकी भाषा बरीचशी अशीच सुधारली. तेव्हा थांब्यावर टेबलाच्या मधोमध बसायचा हट्ट नको. ज्याच्या शेजारी सायकल चालवलीत त्याच्याच शेजारची खुर्ची धरा, अर्धवट राहिलेलं वाक्य तिथे पुरं करा.

आणि तरीही तुमचा संशय खरा असू शकतो. सायकलचे क्लब काही देवघरं नव्हेत. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेनं 1894 मध्ये गोऱ्यांखेरीज कुणाला सदस्यत्व नाही, असा नियमच केला होता. तो अधिकृतपणे नाकारायला 1999 उजाडलं. त्याच देशाचा कृष्णवर्णीय सायकलपटू मेजर टेलर 1899 मध्ये मॉन्ट्रियलला जगज्जेता झाला. मायदेशात अनेक ठिकाणी त्याला शर्यतीत घेत नसत, 1901 मध्ये तो परका म्हणून युरोपात गेला आणि तिथे प्रेक्षकांनी गर्दी केली. म्हणजे घरात परका आणि परदेशात मानाचा पाहुणा, असंही होतं. आता नियम तसे नसतात, नजरा मात्र असू शकतात.

ओळखायचं कसं? माझी एक कसोटी आहे. त्या देशातलाच कुणी नवखा येईल त्या दिवशी बघा. तो वेडावाकडा वळला तर त्याच्यावरही ओरडतात का? तो मागे पडला तर थांबतात का? त्याला ओरडून वर थांब्यावर पाठीवर थाप मारत असतील आणि तुम्हाला नुसतंच ओरडत असतील, तर तुमचा संशय बरोबर. उच्चाराची नक्कल, अंगावरून किंवा कपड्यांवरून शेरे, मुद्दाम चाक घासत जाणं, यातलं काही दिसलं तर कसोटीचीही वाट पाहू नका. लीडरला एकदा सांगा, त्यानं हसण्यावारी नेलं तर तो क्लब सोडा. त्याला पळून जाणं म्हणत नाहीत.

आपल्या लोकांचा ग्रुप? जरूर शोधा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे? आठवड्यात एखादा दिवस तरी बोलण्याआधी वाक्य जुळवावं लागू नये. फक्त तो आडोसा आहे हे लक्षात असू द्या. एकटीनं चालवणंही सोडू नका. बेल्जियम-नेदरलँड्समध्ये त्यासाठी एक झकास सोय आहे: सायकलवाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि पुढच्या क्रमांकाकडे नेणाऱ्या पाट्या. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात 1995 मध्ये हे सुरू झालं, कल्पना ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याची. आकडे वाचता आले की झालं, गावाचं नाव उच्चारावंही लागत नाही.

लांब अंतराची हौस असेल तर ब्रेव्हे बघा. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या या राइड जगभर सारख्याच असतात: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून ताशी पंधरापेक्षाही कमी. पहिला-शेवटचा असा क्रमांक नसतो, कार्डावर शिक्के घ्यायचे आणि वेळेत पोचायचं. चाकाला चाक लावून जायची सक्ती नाही, कुणी बरोबर आलं तर आलं. भाषेत कमी पण दमात पक्क्या असलेल्या तुमच्यासारखीला हे मानवेल, असं मला वाटतं. अगदीच हळू आणि गर्दीचं काही हवं असेल तर 1992 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली क्रिटिकल मास ही सायकलस्वारांची सामूहिक फेरी आता बऱ्याच शहरांत महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघते. तिथे कुणी कुणाला मागे टाकत नाही.

विम्याचं तेवढं बघा. तुमच्यामुळे दुसरा पडला तर त्याच्या नुकसानीचं काय, हे काही देशांत घरगुती दायित्व विम्यात येतं, काही ठिकाणी क्लबच्या सदस्यत्वात. पाहुणी म्हणून दोन-तीन राइड करू देतात तेव्हा तो विमा लागू असतो का, हे विचारून घ्या. ओळखपत्र आणि त्या देशातल्याच एखाद्या माणसाचा फोन नंबर खिशात हवा. युरोपीय संघात असाल तर मदतीचा नंबर 112.

येत्या रविवारी जाच. हळू राइड असेल तर तिला, नसेल तर त्याच राइडला; पण निघतानाच लीडरला सांगा की मी मागे राहीन आणि माथ्यावर वाट बघा. तो ओरडणारा गृहस्थ दिसला तर त्याच्याकडे जा. रागावायला नको, माफी मागायलाही नको. नुसतं विचारा, "त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात? मला शब्द कळला नाही." तो शब्द त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या आणि चिकटपट्टीवर लिहा. कोणता निघाला, ते मला कळवा.